उन्मळून पडलेले झाड पुन्हा उभे करावे का?

पत्राचा सारांश: एका वाचक भगिनींनी मुलीच्या जन्माच्या वेळी, म्हणजे नऊ वर्षांपूर्वी, अंगणाच्या कोपऱ्यात एक कलमी फळझाड लावले होते. तीन दिवसांपूर्वीच्या वादळी वाऱ्यात ते उन्मळून कुंपणाच्या दिशेने आडवे झाले. झाडाची उंची साधारण साडेचार मीटर असून छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर ३८ सेंटिमीटर आहे. वारा ज्या बाजूने आला त्या बाजूची काही मुळे तुटली आहेत आणि काही वर येऊन वाकली आहेत. पलीकडच्या बाजूची मुळे अजून जमिनीत आहेत आणि पाने हिरवी आहेत. भगिनींनी दुसऱ्या दिवशी सकाळी उघड्या मुळांवर ओले गोणपाट टाकले. गाडीला दोर बांधून झाड आजच ओढावे, असे दीर म्हणतात. सगळ्या फांद्या छाटल्याशिवाय ते जगणार नाही, असे बागकाम करणाऱ्या गृहस्थांचे मत आहे. एकदा पडलेले झाड पुन्हा पडणारच, म्हणून ते कापून टाकावे, असा शेजाऱ्यांचा आग्रह आहे. भगिनींनी दोन वर्षांपूर्वी आधाराची काठी काढली होती आणि त्यामुळेच झाड पडले, असे घरात बोलले जाते. त्या विचारतात, “हे झाड वाचेल का, आणि चूक माझी आहे का?”

सप्रेम नमस्कार,

तुम्ही कोणाला न विचारता मुळांवर ओले गोणपाट टाकलेत, त्यामुळेच आज या झाडाविषयी काही बोलता येते आहे. पाणी शोषण्याचे काम मुख्यतः मुळांच्या टोकांकडची केसांसारखी बारीक मुळे करतात आणि ऊन-वाऱ्यात ती काही तासांत, कडक उन्हात तर काही मिनिटांत सुकतात. म्हणून झाड उभे होईपर्यंत गोणपाट सतत ओले ठेवा आणि त्यावर पालापाचोळा किंवा मोकळ्या मातीचा थर द्या. माझे उत्तर वाचून तुम्ही एवढेच एक काम आज केलेत, तरी उरलेला विचार करायला तुम्हाला एक-दोन दिवस मिळतील.

झाडाजवळ जाण्याआधी मात्र दोन गोष्टी पाहायला हव्यात. झाडाला किंवा कुंपणाला विजेची तार टेकली असेल, तर वीज खात्याची माणसे येईपर्यंत कोणीही जवळ जाऊ नये. दुसरी गोष्ट तुमच्या मुलीसाठी आहे. ती रोज झाडापाशी बसते असे तुम्ही लिहिले आहे, पण वर उचकटलेल्या मुळांच्या गड्ड्याखाली किंवा त्या खड्ड्यात तिला बसू देऊ नका. आडव्या झाडाचे वजन आणि वाकलेल्या मुळांचा ताण यांमुळे तो गड्डा अडकून राहिलेला असतो आणि कोणी बुंधा कापला किंवा मोठी फांदी तोडली, तर तो अचानक परत खाली बसू शकतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण पत्र वाचताना मला झाडापेक्षा तुमचीच काळजी अधिक वाटली. आधाराची काठी काढणे ही चूक नव्हती. वाऱ्यात थोडे डोलणे ही झाडाची गरज असते. खोड हलते तेव्हा त्याचा बुडखा जाड होत जातो आणि मुळे अधिक घट्ट होतात. वर्षानुवर्षे बांधून ठेवलेले झाड उंच वाढते, पण खाली कमकुवत राहते. नव्या रोपाचा आधार साधारणपणे एक-दोन वर्षांत काढावा, असे बागकामात मानले जाते. तुम्ही तो सात वर्षांनी काढलात. दोष शोधायचाच असेल तर काठी काढण्यात नाही, ती इतकी वर्षे राहिली यात थोडा सापडेल आणि तोही एकट्या तुमचा म्हणता येणार नाही.

मग झाड पडले कशामुळे? याचे उत्तर खड्ड्यात मिळेल आणि ते शोधणे झाड उभे करण्याआधी गरजेचे आहे. जोराच्या वाऱ्यात ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूची मुळे दोरासारखी ताणली जातात आणि पलीकडची मुळे बिजागरीसारखी वाकतात. ताण घेणारी मुळे कमी असतील किंवा माती पाण्याने भिजून चिखल झाली असेल, तर पकड सुटते. गड्ड्यावरची माती हातांनी हळूहळू बाजूला करा आणि नीट पाहा. मुळे कुंडीच्या आकारात गोल गोल फिरलेली दिसली, तर लावतानाच ती मोकळी केली गेली नव्हती, असे समजावे. एका बाजूला मुळेच नसतील आणि त्या बाजूला भिंत, फरशी किंवा पूर्वी खणलेला चर असेल, तर कारण तिथे आहे. खाली दगडासारखा टणक थर आणि त्यावर वीतभर मऊ माती असेल, तर मुळे खोल गेलीच नव्हती. रोज थोडे थोडे पाणी वरवर मिळत गेल्यानेही मुळे वरच राहतात. मुळे मऊ, काळपट आणि कुजकट वासाची लागली, तर रोग आधीपासून होता आणि वाऱ्याने फक्त तो उघड केला.

एक समज या निमित्ताने दूर व्हावा असे मला वाटते. मोठ्या झाडाची मुळे त्याच्या उंचीइतकी खोल जातात, असे बरेच जण धरून चालतात. प्रत्यक्षात बहुतेक झाडांची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरमध्येच असतात आणि आडवी मात्र फांद्यांच्या घेराच्या कितीतरी पलीकडे पसरतात. तुमच्या झाडाचा गड्डा पसरट थाळीसारखा दिसत असेल, तर त्यात काही विपरीत नाही.

आता मुख्य प्रश्न. तुमच्या घरातल्या चर्चेत सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे की झाड उभे झाले म्हणजे वाचले. उभे करणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे, पण झाड जगेल की नाही हे तुटलेल्या बाजूला नवी मुळे येतात का यावर ठरते आणि त्याला काही वर्षे लागतात. पाने हिरवी आहेत यावरून आज फार काही सांगता येत नाही, कारण खोडात साठलेल्या पाण्यावर आणि उरलेल्या मुळांवर ती बरेच दिवस हिरवी राहू शकतात. नखाने साल खरवडून खाली हिरवा थर दिसतो का, हे पाहण्याची पद्धत चांगली आहे, पण तीसुद्धा आता नव्हे, काही महिन्यांनी उपयोगी पडेल.

निर्णय मुळे मोजून घ्या. बोटापेक्षा जाड मुळे किती आहेत, त्यांतली किती तुटली, किती नुसती वाकली आणि किती जमिनीत शाबूत आहेत, हे कागदावर लिहा. निम्मी किंवा त्याहून अधिक मुळे धड असतील, बुंधा तळाशी चिरलेला नसेल आणि कलमाचा जोड फाटलेला नसेल, तर प्रयत्न जरूर करावा. बुंध्याच्या जाडीचाही विचार हवा. साधारण १० सेंटिमीटर व्यासापर्यंतचे, म्हणजे सुमारे ३१ सेंटिमीटर घेराचे झाड उभे केल्यावर पुन्हा रुजण्याची आशा चांगली असते. जाडी वाढत जाते तशी आशा कमी होते, कारण फांद्यांचे ओझे वाढते आणि तुटलेल्या जाड मुळांची जागा नव्या मुळांना लवकर घेता येत नाही. तुमच्या झाडाचा व्यास १२ सेंटिमीटरच्या आसपास येतो. ते सीमेच्या थोडेसे पलीकडे आहे, पण अर्धी मुळे जमिनीत आहेत, वय तरुण आहे आणि मुळे ओली राहिली आहेत. तुमच्या जागी मी असते तर हे झाड उभे केले असते. जाड मुळे मात्र बहुतेक सगळी तुटलेली निघाली, तर शेजाऱ्यांचे म्हणणे मान्य करण्यात कमीपणा मानू नका.

दिरांना कृपया सांगा की गाडी नको. त्यांची तळमळ खरी आहे, परंतु गाडीच्या ओढीला हिसका असतो आणि त्या हिसक्यात जमिनीत राहिलेली, म्हणजे नेमकी ज्यांच्या भरवशावर आपण आहोत ती मुळे तुटतात किंवा बुंध्याची साल सोलून निघते. तीन-चार माणसे, एक जाड दोर आणि मिळाली तर हाताने फिरवायची साखळी-कप्पी एवढे या आकाराच्या झाडाला पुरते. झाड वर येत असताना ते ज्या बाजूला पडले त्या बाजूला कोणी उभे राहू नये.

ओढण्याआधी खणायचे असते आणि घाईत नेमके हेच राहून जाते. वर उचकटलेल्या मुळांखाली वादळात माती घसरून भरलेली असते. ती तशीच ठेवून झाड ओढले, तर गड्डा पूर्वीच्या पातळीला बसत नाही, मुळे दुमडतात आणि झाड कायमचे कलते राहते. म्हणून गड्ड्याखालची सैल माती काढून मुळे पसरून बसतील एवढी जागा करा. खड्डा पूर्वीपेक्षा खोल नको, कारण बुंध्याचा जो भाग आधी मातीवर होता तो मातीवरच राहायला हवा आणि कलमाचा जोड तर कधीच गाडला जाऊ नये. चिंध्या झालेली मुळे धारदार करवतीने धड भागापर्यंत सरळ कापा, कारण स्वच्छ कापलेल्या टोकाजवळून नवी मुळे फुटतात आणि फाटलेले टोक कुजत जाते. वाकलेली पण न तुटलेली मुळे कापू नका. कापलेल्या जागी डांबर किंवा रंग लावण्याची गरज नाही.

दोर बुंध्याला नुसता गुंडाळू नये. जुन्या सायकलच्या ट्यूबचा किंवा गोणपाटाच्या जाड घडीचा थर देऊन, मुख्य फांद्या फुटतात त्याच्या जरा खाली तो बांधावा. फार वर बांधला तर खोड मोडते आणि फार खाली बांधला तर जोर पुरत नाही. मग अगदी सावकाश, थोडे ओढून थांबत आणि मुळे कशी बसत आहेत हे पाहत झाड वर आणा. शेवटचे थोडे अंतर उरले आणि जमिनीतून मुळे कडाडण्याचा आवाज येऊ लागला, तर तिथेच थांबा. किंचित कलते झाड जगते आणि पुढे त्याचा शेंडा आपणहून वर वळतो. सरळ रेषेच्या हट्टापायी शिल्लक मुळे गमावू नयेत.

खड्डा काढलेल्याच मातीने भरा. नुसते खत किंवा सुपीक माती घातली, तर मुळे त्या मऊ जागेतच घोटाळत राहतात. अर्धी माती भरल्यावर पाणी सोडा, ते मुरू द्या, म्हणजे पोकळ्या भरतील, आणि मग उरलेली माती घाला. पायाने थयथय तुडवू नका. दबलेल्या मातीत हवा राहत नाही आणि हवेशिवाय मुळे वाढत नाहीत.

मातीतल्या हवेचे महत्त्व सांगणारी एक खरी घटना आहे. १६ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे दक्षिण इंग्लंडमध्ये आलेल्या वादळाने सुमारे दीड कोटी झाडे पाडली. लंडनमधील क्यू येथील वनस्पती उद्यानात सुमारे सातशे झाडे गेली. तिथला टर्नर्स ओक नावाने ओळखला जाणारा, १७९८ च्या सुमारास लावलेला मोठा वृक्ष वाऱ्याने मुळांच्या गड्ड्यासह वर उचलला गेला आणि परत त्याच जागी टेकला. वादळाआधीपासूनच तो खंगत चालला होता. त्याला आधार देऊन तसेच ठेवण्यात आले आणि बाकीची पडझड आवरून सुमारे तीन वर्षांनी लोक त्याच्याकडे वळले, तेव्हा तो पूर्वीपेक्षा जोमदार झालेला आढळला. वर्षानुवर्षे माणसांच्या पायांखाली दबलेली माती त्या हिसक्याने मोकळी झाली आणि मुळांना हवा-पाणी मिळाले, हे त्याचे कारण. त्यानंतर तिथे इतर वृक्षांभोवतालची मातीही मोकळी करण्याकडे लक्ष देण्यात येऊ लागले. तो वृक्ष आडवा झालेला नव्हता, म्हणून त्याच्याकडे पाहून प्रत्येक पडलेल्या झाडाची आशा धरता येणार नाही. तुमच्या झाडाभोवती मात्र कोणी चालू नये, गाडी उभी करू नये आणि सामान रचू नये, एवढे तरी त्यावरून घ्यावे.

फांद्यांच्या छाटणीबद्दल तुमच्या बागकाम करणाऱ्या गृहस्थांशी माझा मतभेद आहे, पण त्यांचे म्हणणे निराधार नाही. मुळे कमी झाली तेव्हा पानेही कमी करावीत, असा विचार पूर्वी सर्वत्र होता आणि मीही एकदा त्याच विचाराने आमच्या अंगणातल्या पडलेल्या झाडाचा सगळा पसारा उतरवला होता. भराभर धुमारे फुटले, आम्हाला आनंद झाला आणि दुसऱ्या उन्हाळ्यात ते झाड वाळले. साठवलेले अन्न धुमाऱ्यांत खर्च झाले आणि मुळे बांधण्यासाठी काही उरले नाही, असे मला आज वाटते. नवी मुळे घडवण्याचे अन्न पानेच तयार करतात. म्हणून मोडलेल्या, लोंबणाऱ्या, साल फाटलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. वाऱ्याचा भार फारच वाटला, तर शेंड्याकडच्या काही बारीक फांद्या विरळ करा आणि बाकीचे राहू द्या. पहिल्या हंगामातली फळे मात्र लहान असतानाच तोडून टाका. मुलीला वाईट वाटेल, तेव्हा कारण तिला समजावून सांगा, ती नक्की समजून घेईल.

आता आधार पुन्हा लागेल, पण तो पूर्वीसारखा खोडाला चिकटवलेल्या काठीचा नको. तंबूचे तणावे असतात तसे तीन दोर तीन दिशांना, सारख्या अंतरावर, खोडाच्या साधारण मध्यापासून खाली तिरपे घ्या. त्यांतला एक नेहमीच्या वाऱ्याच्या बाजूला आलाच पाहिजे, कारण मुळे तिथलीच तुटली आहेत. मेखा हलवलेल्या मातीबाहेर, घट्ट जमिनीत आणि झाडापासून उलट्या बाजूला कलत्या ठोका. त्याआधी जमिनीखाली पाण्याची नळी किंवा तार नाही याची खात्री करून घ्या. खोडाभोवती रुंद, मऊ पट्टा असावा. तार किंवा बारीक दोरी सालीत रुतते आणि झाडाला हळूहळू गळफास लावते. दोर इतके ताणू नका की झाड जागचे हलणार नाही. वरचा भाग थोडा डोलावा आणि तळाचा गड्डा हलू नये, इतकाच ताण पुरे. दर महिन्याला पट्टे पाहून सैल-घट्ट करावेत. अंधारात अडखळू नये म्हणून दोरांना रंगीत फडके बांधा.

पुढची देखभाल सोपी आहे, पण ती दीर्घकाळ करावी लागते. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने भरपूर द्यावे. वीतभर खोल माती हाताने चाचपून वाफसा, म्हणजे चिखल नसलेली हलकी ओल, आहे का ते पाहावे आणि माती कोरडी होऊ लागली की आळे भरावे. चिखल कायम राहिला तर जखमी मुळे कुजतात. पाच ते दहा सेंटिमीटर पालापाचोळ्याचे आच्छादन द्या, मात्र ते खोडाला टेकू देऊ नका. पहिले वर्षभर रासायनिक खत घालू नका, कारण ते पाने वाढवते आणि नव्या मुळांना ती पोसता येत नाहीत. उपटून दुसरीकडे लावलेल्या झाडांसाठी एक ढोबळ हिशोब सांगतात की खोडाच्या दर अडीच सेंटिमीटर व्यासामागे मुळे सावरायला सुमारे एक वर्ष लागते. उष्ण हवेत हा काळ कमी होतो. त्या मानाने तुमच्या झाडाला चार-पाच वर्षे लागू शकतात. या काळात पाने लहान आली किंवा एखादी फांदी वाळली, तर लगेच धीर सोडू नका. दुसऱ्या उन्हाळ्यात पाण्याची हयगय मात्र होऊ देऊ नका, कारण साठवण संपलेली असते आणि मुळे अजून अपुरी असतात.

आणखी एक काम झाड उभे करण्याच्या दिवशीच करा, किंबहुना आधीच करा. ते कलमी आहे, म्हणजे त्याची काडी दुसऱ्या खुंटावर, म्हणजे मुळे असलेल्या दुसऱ्या रोपावर, बांधून वाढवता येते. निरोगी, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काही काड्या कापून ओल्या फडक्यात गुंडाळा, सावलीत ठेवा आणि कलमे बांधणाऱ्या जाणकाराकडे शक्य तितक्या लवकर पोचवा. हंगाम अनुकूल असेल तर दोन-तीन कलमे होतील. तुमच्या मनात हे झाड आणि मुलीचा जन्म एकमेकांत गुंतले आहेत, आणि म्हणूनच ते गेले तर काहीतरी अशुभ होईल अशी भीती पत्राच्या ओळींमधून मला जाणवली. झाडाच्या पडण्याचा मुलीच्या आयुष्याशी संबंध नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तरी मन ऐकत नसेल, तर त्याच झाडाच्या काडीपासून वाढणारे दुसरे झाड हा मला यातला सर्वांत भक्कम दिलासा वाटतो.

ज्यांची झाडे याहून मोठी आहेत त्यांना मात्र मी वेगळे सांगेन. ३० सेंटिमीटर व्यासाचा वृक्ष घराच्या, रस्त्याच्या किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागेच्या बाजूला पडला असेल, तर तो पुन्हा उभा करून त्याखाली वावरणे धोक्याचे आहे, कारण त्याच्या तुटलेल्या जाड मुळांची ताकद सहसा परत येत नाही. जागा मोकळी असेल आणि अडचण होत नसेल, तर तो आडवाच राहू द्यावा. जमिनीत राहिलेल्या मुळांवर आडवे झाड अनेकदा जगते, खोडावरून सरळ वर नवे फुटवे येतात आणि काही वर्षांत त्यांचीच झाडे होतात. ताड-माडाच्या जातीतल्या झाडांची गोष्ट निराळी असते. त्यांना बुडापासून नवी मुळे फुटत राहतात, त्यामुळे शेंड्यातला एकमेव कोंब शाबूत असेल तर मोठे झाडही पुन्हा रुजू शकते, मात्र आधार बराच काळ लागतो.

शेजाऱ्यांचे म्हणणे तुम्ही पूर्णपणे बाजूला सारू नये अशी माझी विनंती आहे. झाड त्यांच्या कुंपणाकडे पडले होते आणि त्यांची भीती रास्त आहे. कुंपणाच्या उलट दिशेचा दोर सर्वांत मजबूत ठेवा, तो त्यांना दाखवा आणि वादळाचा इशारा असेल तेव्हा तुम्ही दोर तपासाल, असे त्यांना सांगा.

वर्षभराने, वारा नसलेल्या दिवशी आणि माती वाफशावर असताना, तिन्ही दोर थोडे सैल करा. मुलीला बुंध्याजवळच्या जमिनीवर नजर ठेवायला सांगा आणि तुम्ही खोड छातीच्या उंचीवर धरून हळूच मागे-पुढे हलवा. खोड वाकले आणि तळाची माती जागची हलली नाही, तर मुळांनी पकड घेतली आहे. मग दोर एकदम न काढता काही आठवडे सैलच राहू द्या. बुंध्याभोवती भेग पडली किंवा माती उचलली गेली, तर दोर पुन्हा बांधा आणि आणखी सहा महिने थांबा.